ओळखीची चोरी : बंगळुरू व पुणे येथील काही प्रकरणे आणि त्यांतून मिळणारे धडे

बँकेचे सारे कामकाज एका साध्या प्रश्नावर उभे असते. समोर आलेली व्यक्ती खरोखरच त्या खात्याची मालक आहे काय? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची होती. नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. पैसे देताना धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहिली जाई. लहान गावातील अथवा पेठेतील शाखेत तर रोखपाल खातेदाराला चेहऱ्याने ओळखत असे, आणि पुष्कळदा त्याच्या वडिलांनाही. ओळख म्हणजे एका माणसाने दुसऱ्याविषयी दिलेली साक्ष होती.

संगणकीकरण, एटीएम, नेट बँकिंग आणि २०१६ पासून सुरू झालेले यूपीआय यांमुळे ही रीत बदलली. आता यंत्र चेहरा पाहत नाही, माहिती जुळते की नाही एवढेच पाहते. खाते क्रमांक, कार्डाचा क्रमांक, पिन, पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी, आधार क्रमांक, बोटाचा ठसा यांपैकी आवश्यक ती माहिती ज्याच्या हाती असेल, तोच यंत्राच्या लेखी खातेदार ठरतो. मध्यरात्री घरबसल्या पैसे पाठवण्याची सोय यातूनच निर्माण झाली आणि ओळखीच्या चोरीचा धोकाही यातूनच निर्माण झाला.

ही चोरी इतर चोऱ्यांहून वेगळी आहे. पाकीट मारले गेले तर खिसा रिकामा लागतो आणि माणूस लगेच सावध होतो. ओळख चोरीस गेली तरी ती मूळ मालकापाशी जशीच्या तशी राहते. आधार कार्ड कपाटात असते, डेबिट कार्ड पाकिटात असते, मोबाइल हातात असतो. चोरी झाल्याचे कळते ते खात्यातील रक्कम कमी झाल्यावर, अथवा न घेतलेल्या कर्जाची नोटीस घरी आल्यावर. म्हणूनच तिच्या पद्धती आधीच समजून घेणे हे खातेदार आणि बँक कर्मचारी या दोघांच्याही हिताचे आहे. पुढील प्रकरणे त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिला धडा : विश्वासाने सांगितलेला पिन

एप्रिल २००५ मध्ये पुणे येथे उघडकीस आलेले प्रकरण भारतातील बीपीओ उद्योगाला हादरवून गेले. बंगळुरू येथे मुख्यालय असलेल्या एम्फसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरमधून सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना दूरध्वनीवरून सेवा दिली जात असे. तेथील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी चार अमेरिकी ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचा विश्वास संपादन केला आणि त्यांच्याकडून पिन मिळवले. पुण्यात खोट्या माहितीच्या आधारे बँक खाती उघडण्यात आली आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर त्या खात्यांकडे वळवण्यात आले.

या प्रकरणात कोणीही संगणकाची कुलपे तोडली नव्हती. सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याने मदत करण्याच्या मिषाने विचारले आणि ग्राहकाने सांगितले, इतकेच घडले होते. गुन्हा उघडकीस आला तोही यंत्रामुळे नव्हे. आपल्या खात्यातून आपण न पाठवलेली रक्कम गेली आहे, हे ग्राहकांच्या ध्यानात आले, त्यांनी बँकेला कळवले, बँकेने पुणे पोलिसांना कळवले आणि आरोपी पकडले गेले.

पुढच्याच वर्षी, जून २००६ मध्ये, बंगळुरू येथे याच जातीचे दुसरे प्रकरण घडले. एचएसबीसी बँकेच्या तेथील माहिती प्रक्रिया केंद्रातील एका कर्मचाऱ्याला ब्रिटनमधील ग्राहकांची गोपनीय माहिती बाहेर पुरवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्या माहितीच्या आधारे सुमारे वीस ग्राहकांच्या खात्यांतून दोन लाख तेहतीस हजार पौंडांच्या आसपास रक्कम काढली गेली होती.

या दोन्ही प्रकरणांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पिन, पासवर्ड आणि ओटीपी ही माहिती बँकेच्या कर्मचाऱ्यालाही सांगावयाची नसते. त्याला त्याच्या कामासाठी तिची गरजच नसते, म्हणून ती मागणारा माणूस खरोखर बँकेत नोकरीस असला तरी त्याची मागणी अयोग्यच ठरते. आणि खात्याचा उतारा नियमितपणे वाचणारा खातेदार हाच खात्याचा सर्वांत चांगला पहारेकरी असतो.

कायद्याची तरतूद

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून देशात लागू झाला. परंतु ओळखीच्या चोरीचा वेगळा उल्लेख त्यात नव्हता. २००८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-क अन्वये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड अथवा ओळखीची इतर खास खूण लबाडीने वापरणे हा गुन्हा ठरला. इंग्रजी अधिनियमात हे कलम ६६-सी म्हणून ओळखले जाते. त्यालगतचे ६६-डी हे कलम संगणकीय साधनाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणूक करण्यासंबंधी आहे. दोन्ही गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फसवणूक आणि तोतयेगिरी यांसाठी अनुक्रमे ३१८ व ३१९ ही कलमे आहेत.

कायद्याने गुन्हेगाराला शिक्षा होऊ शकते, पण गेलेली रक्कम परत मिळेलच असे नाही. त्यामुळे दक्षतेला पर्याय उरत नाही.

दुसरा धडा : बदलता न येणारी किल्ली

पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. कार्ड हरवले तर ते बंद करून नवे घेता येते. बोटाचा ठसा मात्र जन्मभर एकच असतो. २०२३ मध्ये बंगळुरूत उघडकीस आलेल्या फसवणुकीने याची जाणीव करून दिली.

आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांच्या साहाय्याने व्यवसाय प्रतिनिधीकडील लहानशा यंत्रावर पैसे काढण्याची सोय देशात उपलब्ध आहे. खेड्यापाड्यांतील निवृत्तिवेतनधारकांना आणि मजुरांना तिचा मोठा आधार आहे, कारण तीत ना कार्ड लागते, ना ओटीपी. बंगळुरूत मालमत्तेचे दस्त नोंदवलेल्या अनेक नागरिकांच्या खात्यांतून या मार्गाने रकमा गेल्याच्या तक्रारी आल्या. नोंदणीकृत दस्तांच्या संगणकीय प्रतींवर आधार क्रमांकही होते आणि अंगठ्यांचे ठसेही होते. त्या ठशांवरून कृत्रिम ठसे तयार करून पैसे काढले गेल्याचे तपासातून पुढे आले. खातेदारांनी कोणाचा दूरध्वनी घेतला नव्हता की कोणत्याही दुव्यावर बोट ठेवले नव्हते. त्यांनी केवळ घर किंवा जमीन खरेदी केली होती.

यावर उपाय आहे आणि तो विनामूल्य आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अथवा त्यांच्या मोबाइल अॅपवरून आपले बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. गरज पडेल तेव्हा ते थोड्या वेळासाठी उघडता येते. प्राधिकरणाच्या १९४७ या क्रमांकावर याविषयी चौकशी करता येते. तसेच आधारची प्रत कोठे द्यावी लागली तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी, म्हणजे ‘मास्क्ड’ स्वरूपाची प्रत द्यावी. भाड्याचे घर, हॉटेलची खोली, सिम कार्डाचे दुकान अशा ठिकाणी दिलेल्या प्रतीवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली हे लिहून सही करण्याची सवय जुनीच असली तरी आजही उपयोगाची आहे.

तिसरा धडा : एकशे सत्त्याऐंशी वेळा

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरू पोलिसांकडे एका महिलेची तक्रार नोंदवली गेली. तिची ३१ कोटी ८३ लाख रुपयांची फसवणूक झाली होती. प्रकरणाची सुरुवात सप्टेंबर २०२४ मध्ये एका दूरध्वनीने झाली. कुरियर कंपनीतून बोलत असल्याचे सांगणाऱ्या इसमाने तिच्या नावाच्या पार्सलात पारपत्रे, क्रेडिट कार्डे व अमली पदार्थ सापडल्याचे कळवले. तिने इन्कार करताच, तर मग तुमच्या ओळखीचा कोणीतरी गैरवापर केला असावा, असे सांगून दूरध्वनी तथाकथित तपास अधिकाऱ्याकडे देण्यात आला. पुढे व्हिडिओ कॉलवरून तिच्यावर पाळत ठेवण्यात आली, कोणाशीही याविषयी बोलू नये असे बजावण्यात आले आणि निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी आपली सर्व रक्कम ‘पडताळणी’साठी जमा करण्यास सांगण्यात आले. मुदत ठेवी मोडून आणि इतर बचत गोळा करून तिने एकूण १८७ वेळा रकमा पाठवल्या. मध्यंतरी तिला निर्दोष ठरवणारे पत्रही पाठवण्यात आले. परताव्याच्या तारखा मात्र पुढे पुढे जात राहिल्या.

त्याआधी, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, याच शहरातील एका सॉफ्टवेअर अभियंत्याने जवळपास याच रीतीने ११ कोटी ८० लाख रुपये गमावले होते. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिम कार्डाचा गैरवापर झाला आहे, अशी त्या वेळची बतावणी होती. संगणकशास्त्रात शिक्षण घेतलेल्या माणसाचीही फसवणूक होऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशिक्षित, भोळे किंवा लोभी लोकच फसतात हा समज गळून पडतो.

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ असे नाव पडले आहे. येथे विलक्षण बाब अशी की, ज्या गुन्ह्यापासून सावध राहावे असे बँक सांगते, त्या ओळखीच्या चोरीचीच भीती घालून माणसाला लुटले जाते. भय, गुप्तता, अधिकाराचा आव आणि घाई ही या सापळ्याची चार अंगे आहेत. प्रथम अटकेचे भय दाखवायचे, मग कुटुंबीयांपासून तोडायचे, गणवेश व शिक्के दाखवून शंका दडपायची आणि विचार करण्यास अवधी द्यायचा नाही. यांतील गुप्ततेचे अंग सर्वांत घातक असते. घरातील एका माणसाशी जरी बोलणे झाले तरी हा सापळा बहुधा मोडतो, म्हणून तर बोलण्याची मनाई केली जाते.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद नाही. पोलीस, सीबीआय, सीमाशुल्क विभाग किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून अटक करत नाहीत. कोणतीही सरकारी यंत्रणा अथवा रिझर्व्ह बँक नागरिकाची रक्कम पडताळणीसाठी आपल्या खात्यात मागवत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही याविषयी जनतेला सावध केले होते. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवण्याचा आदेश दिला. त्यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी.

कर्मचाऱ्यांसाठी विचार

या तिसऱ्या प्रकारात पासवर्ड चोरला जात नाही. व्यवहाराचा आदेश खुद्द खातेदारच देतो, सही खरी असते आणि ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर येतो. यंत्राच्या दृष्टीने सारे नियमाप्रमाणेच असते. अशा वेळी रक्कम वाचवू शकतो तो केवळ माणसाने माणसाला विचारलेला प्रश्न, आणि तो विचारण्याची संधी पुष्कळदा शाखेतील कर्मचाऱ्यालाच मिळते.

वर्षानुवर्षे नूतनीकरण होत आलेली मुदत ठेव ज्येष्ठ खातेदार अचानक मोडू पाहतो, रक्कम कधीही न पाठवलेल्या परगावच्या खात्यावर आरटीजीएसने पाठवण्यास सांगतो, कारण विचारले असता अडखळतो अथवा पढवल्यासारखे उत्तर देतो, हातातील मोबाइल चालूच ठेवतो, ही सारी लक्षणे ओळखण्याजोगी आहेत. अशा खातेदाराला रांगेत सर्वांसमक्ष प्रश्न न विचारता शाखाधिकाऱ्यांच्या कक्षात बसवावे, पाणी द्यावे, मोबाइल बाजूला ठेवण्याची विनंती करावी आणि मग हळुवारपणे विचारावे : ‘काका, कोणाचा फोन आला होता का? पोलिसांचे नाव सांगून कोणी पैसे मागितले आहेत का? घरी मुलांना ठाऊक आहे का?’ खाते खातेदाराचे आहे आणि रक्कमही त्याचीच आहे, याचा विसर पडू देऊ नये. चौकशीत हेटाळणीचा सूर तर नसावाच. तथापि, अर्धा तास गेला म्हणून खऱ्या व्यवहाराचे फारसे नुकसान होत नाही. खोट्या व्यवहारात त्याच अर्ध्या तासात जन्माची पुंजी वाचते.

दुसरी जबाबदारी नवे खाते उघडतानाची आहे. पळवलेली रक्कम कोठेतरी जमा व्हावीच लागते. त्यासाठी विद्यार्थी, बेरोजगार तरुण किंवा मजूर यांना थोडे पैसे देऊन त्यांच्या नावे उघडलेली खाती भाड्याने घेतली जातात. खाते उघडणाऱ्याचा व्यवसाय आणि खात्यातील उलाढाल यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे ही केवळ कागदी पूर्तता नव्हे. ग्राहकांनीही हे जाणावे की, आपले खाते, पासबुक किंवा कार्ड दुसऱ्यास वापरावयास देणारा स्वतःच गुन्ह्याच्या तपासात सापडतो.

खातेदारांनी पाळावयाचे नियम

१. पिन, पासवर्ड, ओटीपी आणि कार्डामागील तीन अंक कोणासही सांगू नयेत. यूपीआयमध्ये पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

२. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवरील शोधातून घेऊ नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही आढळतात. पासबुक, कार्डाची मागील बाजू अथवा शाखेतील फलक यांवरील क्रमांकच वापरावा.

३. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटच्या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. पत्त्याचा हा शेवट तपासून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

४. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती किंवा केवायसीचा अर्ज म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली ‘एपीके’ धारिका उघडू नये. ती उघडताच मोबाइलमधील संदेश, पर्यायाने ओटीपी, परस्पर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलचा पडदा दुसऱ्यास दाखवणारे अॅपही घेऊ नये.

५. मोबाइलची सेवा कारणाविना दीर्घ काळ बंद पडली तर दूरसंचार कंपनीकडे तातडीने चौकशी करावी. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी घेतले असण्याचा संभव असतो. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते.

६. प्रत्येक व्यवहाराचा संदेश येईल अशी व्यवस्था करावी, तो वाचावा आणि महिन्यातून एकदा खात्याचा उतारा तपासावा. कार्ड व यूपीआय यांच्या व्यवहारमर्यादा आपल्या गरजेपुरत्याच ठेवाव्यात. वर्षातून एकदा आपला कर्ज-इतिहास अहवाल मागवून पाहावा. न घेतलेले कर्ज आपल्या नावावर असेल तर ते त्यात दिसते.

७. नोकरीनिमित्त मुले बंगळुरूत अथवा परदेशात आणि आईवडील पुणे, सांगली वा बेळगावात, अशी कुटुंबे आज अनेक आहेत. त्यांनी एक साधा नियम ठरवावा : भीती घालणारा कोणताही दूरध्वनी आला की तो ठेवून द्यायचा आणि प्रथम एकमेकांना कळवायचे.

फसवणूक झाल्यास

प्रथम लाज सोडावी. फसवले जाणे हा अपराध नाही. तक्रारीस होणारा विलंब मात्र महाग पडतो. पळवलेली रक्कम थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवून रोखीने काढली जाते. ती अद्याप एखाद्या खात्यात असतानाच कळवले गेले तर तेथे थोपवता येते. याकरिता १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवून कार्ड, नेट बँकिंग व यूपीआय बंद करवावे आणि तक्रारीचा क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी. व्यवहाराचे संदेश, भामट्याचे क्रमांक, पत्रे यांतील काहीही पुसून टाकू नये.

तक्रारीच्या वेळेला नियमांतही महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने याविषयीची तत्त्वे घालून दिली. बँकेच्या चुकीमुळे नुकसान झाले असेल तर खातेदारावर त्याचा भार नाही. चूक बँकेची नाही व खातेदाराचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजी दिवसांत दिली तरीही त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत दिली तर त्याची जबाबदारी ठरावीक मर्यादेत राहते. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो. खातेदाराने स्वतःच गोपनीय माहिती सांगितली असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि त्यानंतरचे बँकेचे, असे या परिपत्रकाने ठरवले. आपल्या बँकेचे यासंबंधीचे प्रचलित धोरण शाखेत अथवा संकेतस्थळावर पाहून ठेवणे इष्ट होय.

जुन्या काळी खाते उघडताना ओळख देणाऱ्या खातेदाराला आपल्या सहीची जबाबदारी वाटत असे. आज तशी सही कोणी मागत नाही. तरी शेजारच्या आजींना आलेल्या फोनविषयी चौकशी करणे, वडिलांचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून देणे, काउंटरवरील गोंधळलेल्या खातेदाराला दोन मिनिटे अधिक देणे, ही त्याच जबाबदारीची आजची रूपे आहेत. हा लेख वाचून झाल्यावर १९३० हा क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा आणि घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलमध्येही तो आजच नोंदवून द्यावा.